परत म्हणून दाखवा

२ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून मी विभागप्रमुख आहे. प्रभारी. एप्रिलअखेरपर्यंत जमलं तर कायम होणार. नाही जमलं तर मी पुन्हा पॅकिंगच्या टेबलावर, आणि माझ्या जागी बाहेरून कोणीतरी येणार. मेट्रन हे मला व्हरांड्यात उभ्या उभ्या म्हणाल्या. हातातला फोनही त्यांनी खाली ठेवला नाही. म्हणजे त्यांच्या दृष्टीने ही लहान गोष्ट असावी. किंवा मोठी असून त्यांना घाई असावी. दोन्ही शक्यता लिहून ठेवते.

रुग्णालयाच्या तळघरात आमचा निर्जंतुकीकरण विभाग आहे. शस्त्रक्रियेत वापरलेली उपकरणं एका दाराने मळकी आत येतात. ती धुतात, भिंगाखाली बघतात, सेट लावून कापडात बांधतात, वाफेच्या यंत्रात घालतात, आणि दुसऱ्या टोकाच्या खिडकीतून ती स्वच्छ होऊन वर थिएटरला जातात. मला हे काम फार आवडतं. चिमटा तोंडाने एक आणि मनात एक असं कधी करत नाही. आता मात्र चिमटे दुसरे सांभाळणार आणि मी माणसं सांभाळणार.

ही वही मानसशास्त्रज्ञ बाईंच्या सांगण्यावरून. गेल्या वर्षी त्यांनीच चाचण्या घेऊन सांगितलं की मला ऑटिझम आहे, जन्मापासून. चाळिशी उलटल्यावर असं कळणं म्हणजे वरात निघून गेल्यावर घोडं मिळाल्यासारखं आहे, पण मिळालं ते बरं झालं. मराठीत त्याला स्वमग्नता म्हणतात. हा शब्द कोणी केला कोण जाणे. मी तर दिवसभर दुसऱ्यांच्या मनात काय चाललंय याचाच विचार करून दमते; स्वतःत मग्न व्हायला वेळ कुठे मिळतो? बाई म्हणाल्या, काय घडलं आणि तुम्हाला काय वाटलं, हे वेगवेगळं लिहा. प्रयत्न करते.

५ फेब्रुवारी, गुरुवार

एक गोष्ट माझ्या बाजूची आहे. गेल्या महिन्यापासून विभागात सगळ्यांना दिवसभर मास्क सक्तीचा झालाय. बाकीचे कुरकुरतात, मला सुटल्यासारखं वाटतं. चेहरे झाकलेले असले की सगळ्यांनाच एकमेकांचं मन कळत नाही, आणि मग लोक नाइलाजाने पूर्ण वाक्यं बोलतात. वर कॅन्टीनमध्ये मास्क उतरले की पुन्हा भुवया, ओठ, अर्धवट हसणं सुरू होतं, आणि मी परक्या गावात गेल्यासारखी होते.

माझ्या हाताखाली जे आहेत त्यांतले दोघे महत्त्वाचे. एक, पॅकिंगची मुख्य. तिला सगळे ‘रेडिओ’ म्हणतात, तोंडावरसुद्धा, आणि तिला त्याचं काही वाटत नाही. ती म्हणते, “रेडिओला निदान ऐकणारे तरी असतात.” दुसरे, वाफेच्या यंत्रावरचे काका. विभागात सर्वांत जुने. मी काही सांगितलं की ते म्हणतात, “हो हो.” पुढे कधी ते काम होतं, कधी होत नाही.

घडलं ते एवढंच. वाटलं ते असं: माझी जागा त्यांना मिळायला हवी होती, म्हणून ते मला मोजत नाहीत.

१० फेब्रुवारी, मंगळवार

काल पाळी बदलताना रेडिओ अंगावरचा गाऊन काढता काढता पुढच्या पाळीच्या मुलीला म्हणाली, “ते कोपऱ्यातलं तेवढं बघून घे गं.” ती म्हणाली, “हो हो.” सकाळी मी आले तर कोपऱ्यातला सेट तसाच, न धुतलेला, वाळून कडक झालेला. रेडिओ म्हणते, मी सांगितलं. ती मुलगी म्हणते, मी बघितलं. दोघीही खोटं बोलत नव्हत्या, हे मला पटलं. मलाही ‘बघून घे’ म्हटलं असतं तर मी बघून आले असते.

मग मी आज सगळ्यांना गोळा करून नियम सांगितला. कोणी काही सांगितलं तर ऐकणाऱ्याने ते आपल्या तोंडाने परत म्हणून दाखवायचं. कोणता सेट, कुठे आहे, काय करायचं, कधीपर्यंत. समजलं नसेल तर ‘मला कळलं नाही, परत सांगा’ असं म्हणायचं. त्यात कमीपणा नाही. ‘हो हो’ बंद.

रेडिओ म्हणाली, “म्हणजे शाळेत पाढे म्हणायचो तसं?”

“हो,” मी म्हणाले.

“आणि चुकलं तर अंगठे धरायचे?”

“नाही. चुकलं तर परत म्हणायचं.”

काही जण हसले. मास्कमुळे कोण ते कळलं नाही. आश्चर्य म्हणजे काका सर्वांत आधी बोलले. “चांगलं आहे मॅडम. हे फार पूर्वीच व्हायला पाहिजे होतं.” त्यांनी त्याच वेळी माझा नियम अख्खा परत म्हणून दाखवला. त्याआधी मात्र तो माझ्याकडून दोनदा वदवून घेतला.

ही थट्टा असावी का? बराच विचार केला. ठरवता आलं नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

सासूबाईंना नियमाबद्दल सांगितलं. आमच्या नात्यात सासूबाईंना सगळे टरकून असतात, कारण त्या मनात येईल ते बोलतात. लग्न झालं तेव्हा जावेने माझी कीव केली होती. मला मात्र या घरात सर्वांत सोप्या वाटल्या त्या सासूबाईच. “तुझी भाजी खारट झालीय” म्हणजे भाजी खारट झालीय. त्यामागे दुसरं काही नसतं. नवऱ्याचं तसं नाही. तो “आज चहाची वेळ टळलीच वाटतं” असं म्हणतो आणि मी घड्याळ बघून “हो, टळली” म्हणते.

सासूबाई म्हणाल्या, “नियम बरोबर आहे. पण तू तो त्यांच्यासाठी केलास की तुझ्यासाठी?”

हा प्रश्न दिवसभर डोक्यात आहे. मला अर्धवट बोललेलं कळत नाही. म्हणून मी अख्ख्या विभागाला माझ्यासारखं वागायला लावते आहे का? लंगड्याने सगळ्यांना लंगडायला लावावं, तसं? प्रामाणिकपणे लिहायचं तर, नियम करताना मला आधी माझी सुटका दिसली होती. सेट नंतर आठवला.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

आता खिडकीशी उभी राहिले की पाठीमागून ऐकू येतं, “परत सांगा आली.” म्हणजे मी. नाव पडलं तर. शाळेत माझी बरीच नावं होती, त्यामानाने हे सौम्य आहे. लागलं मात्र.

दुसरी बाब. चहाच्या सुट्टीत मी कपड्यांच्या कोठीत स्टुलावर बसते, कारण तिथे यंत्रांचा आवाज पोहोचत नाही आणि कोणी गप्पा मारत नाही. आज स्टुलावर एक उशी होती. कोणाची ते कळेना. स्वच्छ विभागात घरची उशी चालत नाही, म्हणून मी ती वर हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत जमा करून आले.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

आज तिथे दुसरी उशी. हिला आमच्याच कापडाची धुता येईल अशी खोळ शिवलेली. नियमात बसते, म्हणून राहू दिली. पण कोण विसरून जातंय, आणि त्याच जागी दोनदा कसं, याचा उलगडा होत नाही. रेडिओला विचारलं. ती म्हणाली, “मॅडम, तुम्ही बसा हो तिच्यावर.” हे उत्तर नव्हतं.

६ मार्च, शुक्रवार

काकांशी काही जमत नाही. ते माझ्याकडे पाठ करून उभे असतात, तोंड यंत्राकडे. यंत्र चालू असताना ते बसत नाहीत, चहासुद्धा उभ्याने घेतात, नजर त्या दिव्यांवर. मी बोलायला गेले की वळून माझ्या मास्ककडे इतकं रोखून बघतात की मीच नजर खाली घालते. पूर्वी, जुन्या मॅडम होत्या तेव्हा, ते हसूनखेळून असायचे. बदललं काय? माझ्या माहितीत दोनच गोष्टी: मॅडम गेल्या आणि मी आले.

नवरा म्हणाला, “वयस्क माणूस आहे, चुचकारून घे.” चुचकारायचं म्हणजे नक्की काय करायचं, असं विचारलं तर म्हणाला, “अगं, ते कळतं आपोआप.” मला आपोआप काहीच कळत नाही. सासूबाई आतून ओरडल्या, “तोंडावर विचार त्याला.”

१७ मार्च, मंगळवार

तोंडावर विचारलं. हातून बरोबर घडलं की चूक, अजून सांगता येत नाही.

झालं असं. विभागाबाहेरच्या पिण्याच्या पाण्यापाशी मी मास्क काढून पाणी पीत होते. काका आले. मी सहज हळू आवाजात म्हणाले की उद्या दुसरं यंत्र दुरुस्तीला बंद असेल, तर सगळा माल पहिल्यात घ्यावा लागेल. त्यांनी लगेच, एकदाही न अडखळता, ते परत म्हणून दाखवलं. हीच गोष्ट सकाळी मी मोठ्याने सांगितली होती तेव्हा “हो हो” आलं होतं.

मी विचारलं, “काका, माझे ओठ दिसले की तुम्हाला कळतं का?”

मी वाट बघितली. मला गप्प बसण्याचं अवघडलेपण वाटत नाही, हा एक फायदा. शेवटी ते म्हणाले, “कधीपासून ओळखलंत?”

“आत्ता.”

मग त्यांनी सांगितलं. ऐकू कमी होत चाललंय, बरीच वर्षं. लोकांच्या ओठांवरून निभावत होते, कोणाला पत्ता लागू दिला नाही. मास्क आले आणि सगळं जग तोंड मिटून बसलं. यंत्राची घंटा ऐकू येत नाही, म्हणून दिव्यावरची नजर हटवत नाहीत. घरी फक्त काकूंना माहीत आहे. “कळलं तर यंत्रावरून काढतील, मॅडम. मग मला स्टोअरमध्ये बसून गोळे मोजायला लावतील कापसाचे.”

आणि मी त्यांना उर्मट समजत होते. जे मास्क मला मोकळं करत होते, त्यांनीच यांना कोंडलं होतं, एकाच खोलीत, एकाच वेळी. एवढा विचार करणारी मी, हा विचार कसा आला नाही?

मग मीही सांगितलं. मला ऑटिझम आहे, अर्धवट बोललेलं कळत नाही, आवाज सहन होत नाही. त्यांनी हे लक्ष देऊन ऐकलं, म्हणजे बघितलं. म्हणाले, “त्यावर औषध असतं का?”

“नाही.”

“सुटलात. मला कानात मशीन घाल म्हणतात.”

१८ मार्च, बुधवार

रात्रभर एकच प्रश्न: हे सुरक्षित आहे का? काकांची दया येते म्हणून मी रुग्णांशी बेइमानी तर करत नाही ना? सकाळी त्यांच्याबरोबर यंत्राशी उभी राहिले. प्रत्येक घंटेसोबत दिवा लागतो, एकही घंटा दिव्यावाचून नाही. घंटा वाजायच्या वेळी बाकीचे गप्पांत असतात. काकांची नजर मात्र हलत नाही. यंत्राच्या बाबतीत माझं समाधान झालं.

पण लपवणं मला झेपणार नाही. तसं त्यांना स्पष्ट सांगितलं. एप्रिल उजाडायच्या आत त्यांनी कान तपासून घ्यायचे आणि मेट्रनना स्वतः सांगायचं. तोवर मी बोलणार नाही. त्यांनी हे परत म्हणून दाखवलं, आणि शेवटी जोडलं, “तोवर मॅडम बोलणार नाहीत.” हा भाग त्यांनी दोनदा म्हटला.

२७ मार्च, शुक्रवार

क्रमाने लिहिते.

हाडांच्या शस्त्रक्रियेत धातूच्या पट्ट्या बसवतात. त्या शरीरात कायमच्या राहतात, म्हणून त्यांच्या सेटबरोबर आम्ही यंत्रात एक कुपी ठेवतो. तिच्यात निरुपद्रवी जिवाणू असतात. वाफेने ते मेले तर कुपीचा रंग बदलत नाही. जगले तर ती पिवळी होते. निकाल लागेपर्यंत तो सेट द्यायचा नाही.

आज दुपारी खिडकीजवळच्या ढकलगाडीवर असे दोन सेट होते. एकाचा निकाल आलेला, दुसऱ्याचा यायचा. रेडिओ जेवायला गेली होती, खिडकीवर काका होते. तेवढ्यात भिंतीवरचा बोलका डबा, म्हणजे इंटरकॉम, खरखरला. थिएटर सिस्टर: “तो बाहेर ठेवलेला सेट द्या लवकर, पेशंट टेबलावर आहे.” सेट न्यायला वरून आलेल्या आयाने समोरचा सेट उचललासुद्धा.

काकांनी तिच्या हातातला सेट धरून ठेवला आणि डब्यात म्हणाले, “मला कळलं नाही. सेटचं नाव सांगा.” सिस्टर पुन्हा तेच म्हणाल्या. काका म्हणाले, “नाव सांगा, परत सांगा.” मग डब्यातून हाडांच्या डॉक्टरांचा आवाज आला. ते काय ओरडले ते धुण्याच्या खोलीपर्यंत ऐकू आलं. मी धावत आले. काकांच्या कपाळावर घाम होता, पण ते तिसऱ्यांदा म्हणाले, “नाव सांगा डॉक्टर. मी परत म्हणतो, मग देतो.”

डॉक्टरांनी एकेक अक्षर सुटं करत, ओरडून नाव सांगितलं. काकांनी परत म्हटलं. आयाच्या हातातला सेट तो नव्हता. काकांनी बरोबर सेट दिला, तो गेला, शस्त्रक्रिया झाली.

संध्याकाळी मेट्रनच्या ऑफिसातून निरोप आला. डॉक्टरांची लेखी तक्रार: ऐन शस्त्रक्रियेत तळघरातले लोक हुज्जत घालतात, प्रभारी बाईंचं नियंत्रण नाही. सोमवारी दोघांनी हजर राहायचं.

त्यानंतर मी कुपी बघायला गेले. पिवळी होती.

२८ मार्च, शनिवार

काकांना विचारलं, “तुम्ही नियम म्हणून विचारलंत, की ऐकू आलं नाही म्हणून?” मला खरं उत्तर हवं होतं, कारण सोमवारी मला फक्त खरं तेच बोलता येईल.

ते म्हणाले, “दोन्ही, मॅडम. डब्यातलं भरभर बोललेलं मला काही म्हणजे काही समजत नाही. पण पूर्वी समजलं नाही की मी हो म्हणायचो.”

घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, “मग घाबरतेस कशाला? कुपी पिवळी आहे ना?”

कुपीला मी घाबरत नाही. मास्क नसलेल्या खोलीला घाबरते. मला कायम व्हायचंय. हे मी आजवर इथे लिहिलं नव्हतं. दोन महिने ‘जमलं तर’ म्हणत राहिले. पण मला ही जागा हवी आहे, मनापासून.

नवऱ्याने माझे जुने, मऊ झालेले बूट पॉलिश करून दाराशी ठेवले. नवे बूट त्याने कुठे ठेवले ते विचारायला हवं.

३० मार्च, सोमवार

खोलीत मेट्रन, हाडांचे डॉक्टर, थिएटर सिस्टर, काका आणि मी. सगळे उघड्या चेहऱ्यांनी. मी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघून बोलायचं ठरवलं होतं.

डॉक्टर आधी बोलले. पेशंट भूल देऊन टेबलावर, एकेक क्षण मोलाचा, आणि खाली हे ‘परत सांगा, परत सांगा’. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “तुमच्या डिपार्टमेंटमध्ये सगळे बहिरे आहेत का?”

मी म्हणाले, “सगळे नाहीत.”

लोक उत्तर मिळावं म्हणून प्रश्न विचारत नाहीत, टोचावं म्हणून विचारतात, हे मला अनेकांनी अनेकदा शिकवलंय. पण ते मला नेहमी उत्तर दिल्यावर आठवतं.

डॉक्टर पुढे झुकले. “सगळे नाहीत? म्हणजे काही आहेत?”

खोटं बोलणं मला जमत नाही, आणि खरं माझ्या मालकीचं नव्हतं. मी पेपरवेटला म्हणाले, “याचं उत्तर मला माहीत आहे. पण ते देण्याचा अधिकार माझा नाही. मी देणार नाही.”

मेट्रन म्हणाल्या, “हे काय बोलताय तुम्ही?”

“द्यायचा अधिकार माझा आहे,” काका म्हणाले. ते उभे राहिले. “मला कमी ऐकू येतं. शनिवारी कान तपासलेत, हा बघा कागद. आज तुम्हाला सांगणारच होतो, मेट्रन. म्हणून डॉक्टरांना तीनदा विचारलं. ऐकू आलं असतं तर दोनदा विचारलं असतं. पण विचारलं असतंच.”

डॉक्टर हात पसरून मेट्रनकडे बघू लागले. मला त्या हातांचा अर्थ लावता येईना, म्हणून मी माझं काम केलं. विचारलं, “डॉक्टर, त्या दिवशी तुम्ही आणि सिस्टरनी आधी काय मागितलंत, ते तसंच्या तसं म्हणून दाखवाल का?”

“बाहेर ठेवलेला सेट द्या.”

“बाहेर दोन होते.”

“मग?”

“आयाच्या हातात दुसरा होता. त्याची कुपी संध्याकाळी पिवळी झाली. काकांनी ‘हो हो’ म्हटलं असतं, तर त्या पट्ट्या आज पेशंटच्या मांडीत असत्या.”

मग मी कुपी टेबलावर ठेवली. तिच्यावर तारीख आणि सेटचं नाव होतं.

थिएटर सिस्टर हलक्या आवाजात म्हणाल्या, “मला दोन आहेत हेच माहीत नव्हतं. मी सांगितलं, आणि मला वाटलं की मी नीट सांगितलं.”

डॉक्टरांनी कुपी उचलून उजेडात धरली. नंतर काकांना म्हणाले, मोठ्याने आणि तोंड त्यांच्याकडे करून, “मी ओरडलो तेव्हा तुम्हाला भीती नाही वाटली?”

“वाटली की. पण आमच्या मॅडमला ‘हो हो’ चालत नाही.”

डॉक्टर हसले, असं मला वाटतं. काका हसले ते नक्की. डॉक्टर मेट्रनना म्हणाले, “ती तक्रार फाडून टाका. आणि हे खालचं परत म्हणायचं जे आहे, ते वर थिएटरमध्ये का नाही करत आपण?”

मेट्रन म्हणाल्या, “परत सांगा, डॉक्टर.”

मग सगळेच हसले. मी सर्वांत शेवटी.

२ एप्रिल, गुरुवार

काकांचं काय करायचं यावर मेट्रनपुढे तासभर बोलले. घंटा, दिवे, सगळं दाखवायला त्यांना खाली घेऊन आले. काका यंत्रावरच राहणार. त्यांच्याशी बोलताना सगळ्यांनी समोर उभं राहायचं. आम्हाला पारदर्शक पट्टीचे मास्क मिळणार, ज्यातून ओठ दिसतात. म्हणजे माझी मोकळीक काही प्रमाणात गेली. हा सौदा मी स्वतः मागितला, आणि मला तो परवडतो.

आज पॅकिंगमध्ये रेडिओ नव्या मुलीला म्हणत होती, “आमच्या परत सांगाने डॉक्टरला गप्प केलं, माहितेय?” आवाजात काय होतं ते ओळखता आलं नाही. घरी सासूबाईंना तसंच्या तसं म्हणून दाखवलं. त्या म्हणाल्या, “अगं वेडे, ‘आमच्या’ म्हणाली ना ती?”

२१ एप्रिल, मंगळवार

काकांना कानाचं मशीन मिळालं. सकाळी ते आत आले आणि दारातच थांबले. धुण्याच्या यंत्राची घरघर, वाफेचा फुत्कार, ट्रेचा खणखणाट, आणि रेडिओ. त्यांनी हात कानांवर नेले.

माझ्याजवळ येऊन म्हणाले, “मॅडम, तुम्हाला रोज एवढं ऐकू येतं?”

“हो. याहून थोडं जास्तच.”

“आणि तुम्ही कसं सहन करता?”

माझ्या आयुष्यात हा प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता. आईने नाही, डॉक्टरांनी नाही. मी त्यांना कपड्यांच्या कोठीत नेलं आणि दार लावून घेतलं. आम्ही थोडा वेळ तिथे उभे राहिलो. मग ते म्हणाले, “चला, माल लावायचाय,” आणि आम्ही बाहेर आलो.

२९ एप्रिल, बुधवार

मेट्रननी बोलावलं. या वेळी बसायला सांगितलं, फोन टेबलावर उलटा ठेवला. म्हणजे मोठी गोष्ट. म्हणाल्या, “जागा कायम करतेय. घेताय ना?”

इतर कोणी असतं तर लगेच हो म्हणालं असतं. मलाही म्हणायचं होतं. पण मला जे हवं ते मी आधी कधीच मागितलेलं नाही, कारण आपल्यालाच जास्तीचं काही लागतं याची मला आयुष्यभर लाज वाटत आली. आज वाटलं नाही तसं. काकांना दिवा लागतो, डॉक्टरांना नाव परत म्हणणारं माणूस लागतं, आणि मला काही गोष्टी लागतात.

मी म्हणाले, “घेते. पण मला ऑटिझम आहे, त्यामुळे काही गोष्टी लागतील. बैठकीत काय विषय आहे ते मला आदल्या दिवशी कळवायचं. चहाच्या सुट्टीत मी कॅन्टीनला येणार नाही, ते कोणी मनाला लावून घ्यायचं नाही. आणि माझं काही चुकलं तर मला स्पष्ट सांगायचं, चेहऱ्याने नाही.”

मेट्रननी हे सगळं परत म्हणून दाखवलं. एकही शब्द गाळला नाही. मग खुर्चीत मागे रेलून म्हणाल्या, “आणखी काही हुकूम, बाईसाहेब?”

“हो,” मी म्हणाले. “तळघराच्या जिन्यावरची ट्यूब फडफडते. मी इथे लागले तेव्हापासून. ती बदलायची.”

ही थट्टा होती, हे मला जिना उतरताना सुचलं, नेमकं त्या ट्यूबखाली. परत वर जाऊन माफी मागावी का, याचा विचार केला. गेले नाही.

४ मे, सोमवार

सकाळी जिन्यात शिडी लावलेली. वायरमन वर चढून जुनी ट्यूब काढत होता. मी खाली थांबले.

“कटकट बघा,” तो वरूनच म्हणाला. “इतकी वर्षं चालू होती, कोणाचं काही म्हणणं नव्हतं. आता वरून अर्जंट ऑर्डर. कोणाची तक्रार आहे काय माहीत.”

“माझी,” मी म्हणाले.

त्याने खाली बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला कळलं नाही, आणि मी शोधलंही नाही. त्याने नवी ट्यूब बसवली, बटण दाबलं. उजेड पडला, स्थिर.

“बास? आता ठीक?”

मी नीट बघून घेतलं. “ठीक,” म्हणाले, आणि माझ्या विभागात गेले.